वानवळ्याचा चोर

अंथुर्ण्यातल्या शहाजादी मुलाणीला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे चाची म्हणतात. पण ती पणदऱ्याहून नवी नवरी होऊन आली तेव्हा मात्र गावानं तिचं नाव चांगलं चघळलं होतं. कारण नवऱ्याचं नाव बादशहा! बादशहाच्या घरात शहाजादी आली म्हणून पारावरची माणसं पोट धरून हसली. आणि राजवाडा तरी कसला, तर रस्त्याच्या अंगाला पिठाची गिरणी आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या. पहिल्या आठवड्यातच शहाजादी भुवयांसकट पांढरी झाली.

बादशहाभाई मवाळ माणूस. ऐन गर्दीत गिरणीचा पट्टा तुटला तरी तो पट्ट्याला वाकडा शब्द बोलायचा नाही. बोलायचं खातं सगळं चाचीकडं. आणि ती जीभ म्हणजे काय सांगावं महाराजा! रांग मोडून डबा पुढं सारला की झालं. मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाची सासू असो, गिरणीच्या घरघरीवर ताण करून चाची त्याला सुनावायची. बादशहाभाई गेले तेव्हा गाव म्हणालं, आता गिरणी बसली. बसतेय कशाची! चाचीनं पदर खोचला, मोटारीला ग्रीस स्वतः भरलं, गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावायलाही शिकली, आणि त्याच पिठावर मुलगा मुजफ्फर याला आयटीआय करून बारामतीच्या एमआयडीसीत चिकटवला.

आता वानवळ्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. शेतात नवं पीक आलं की त्यातलं थोडं आधी चार घरी द्यायचं आणि मग आपण तोंडात घालायचं, हा वानवळा. अंथुर्ण्यात त्यातला पहिला मान गिरणीचा. हुरडा असो, ओला हरभरा असो, नवा गहू असो, पहिली ओंजळ चाचीच्या कट्ट्यावर. पण वानवळा नुसता घ्यायचा नसतो बरं का. आज ना उद्या आपल्याकडचं काहीतरी त्या घरी जायला लागतं. चाचीला वावर नव्हतं, मग ती त्या घरचं एक दळण फुकट दळून द्यायची. फिट्टंफाट.

मग घराघरात घरघंट्या आल्या. सुनांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बटण दाबलं आणि पीठ पडायला लागलं. चाचीच्या कट्ट्यावरची रांग आटत आटत दोन म्हाताऱ्यांवर आली. गुडघेही कुरकुरायला लागले होते. शेवटी तिनं मोटार विकली, शटर ओढलं आणि दोन शेळ्या घेतल्या. मुजफ्फर दर महिन्याला पैसे आणून द्यायचा, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण त्या वर्षी समोरच्या घरातली रेश्मा नेहमीसारखी ओल्या हरभऱ्याची पेंढी घेऊन आली आणि चाचीचं डोकं फिरलं.

"ने परत," ती म्हणाली. "गिरणी बंद हाय. मला द्यायला काय ऱ्हायलं न्हाय, मंग घ्यायचं कोंच्या तोंडानं? नुसती घेनारी बाई व्हायचं न्हाय मला. भीक लागली न्हाय अजून."

भीक हा शब्द रेश्माच्या काळजाला लागला. ती पेंढी घेऊन मागं फिरली, घरी जाऊन रडली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. म्हणजे अगदीच बंद नाही. रेश्माला काही सांगायचं असलं तर ती चाचीच्या शेळीला सांगायची. "काय गं, उद्या नळाला पानी येनार न्हाय, ठावं हाय न्हवं?" असं शेळीला विचारायची आणि चाची ते ऐकून हंडे भरून ठेवायची. गावातही बातमी पसरली की चाची वानवळा घेत नाही. कट्टा मोकळा झाला. आणि चाचीला, खोटं कशाला बोला, तो मोकळा कट्टा बघवायचा नाही.

अशात एक दिवस सकाळची नमाज आटपून चाचीनं दार उघडलं, तर कट्ट्यावर हुरड्याची कोवळी कणसं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. चार दिवसांनी शेवग्याच्या शेंगा. मग काकवीची बाटली. रोजे सुरू झाले तेव्हा तर एक अख्खं कलिंगड येऊन बसलं. ठेवणारा मोठा हिकमती होता. चाची पहाटेच्या नमाजाला उभी राहिली की आभाळ कोसळलं तरी मधे सोडायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या खिडकीतला दिवा लागला, की मग काही वेळानं फाटकाची कडी हलकेच वाजायची. चाचीला आत ऐकू यायचं. पण ती सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं! शेवटचा सलाम फेरून नमाज पुरी करावी, गुडघ्यांची मनधरणी करून दारापर्यंत यावं, तोवर ठेवणारा पसार.

गल्लीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली, हे मतांचं आहे. शेजारची सारजाबाई म्हणाली, कलिंगड नीट बघा बाई, करणीबिरणी असायची. चाचीनं ते कलिंगड सारजाबाईच्याच समोर फोडून खाल्लं. लालभडक निघालं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती तळमळायची. कोण देतंय? त्याच्या घरी काय पाठवू? नाव कळलं तर निदान वस्तू परत तरी देता येईल, नाहीतर त्याच्यासमोर हात जोडता येतील. नाव न कळता खात राहायचं म्हणजे ती नुसती घेणारी बाई झालीच की! या एका गोष्टीनं तिचा जीव खाल्ला.

ईद झाली आणि मुजफ्फर म्हणाला, "अम्मी, तू हितं एकली ऱ्हातीस. आपण कॅमेरं बसवू. दहा हजारात बसत्याल तेवढं बसवू, त्याच्या वर माझी उडी न्हाय."

त्याला वाटलं होतं, आई चार दिवस भांडेल. चाची म्हणाली, "आजच जाऊ." मुजफ्फरनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना.

बारामतीत भिगवण रस्त्याला मुबीनचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मुबीन हा तरणाताठा, गोड बोलणारा दुकानदार. गिऱ्हाईक आत आलं की खुर्ची, पाणी, चहा आणि मग चार कॅमेऱ्यांचं पॅकेज, हा त्याचा क्रम. चाची पाण्यापर्यंत गप्प बसली.

"चार कशाला रं?" ती म्हणाली. "मला दारं दोन हायत."

"मग चाची, हा वायफायचा बघा. एकदम स्वस्त. रेकॉर्डिंगचं कार्ड ह्याच्या पोटातच. मोबाईलवर कुठूनबी दिसतंय."

"आन चोरानं कॅमेराच काढून नेला तर?"

मुबीन म्हणाला, "तर मग... कार्डबी गेलं."

"म्हंजी चोराचा फोटो काढायचा आन चोराच्याच हातात देऊन त्याला वाटंला लावायचं व्हय? वा रं पठ्ठ्या! आन आमच्या गल्लीत रेंज पत्र्यावर चढल्याबिगर येत न्हाय. मी काय ह्या वयात पत्र्यावर जाऊन बसू?"

मुजफ्फर भिंतीकडं बघायला लागला. मुबीनला मात्र आता मजा यायला लागली होती. त्यानं वायफायचा खोका मागं सारला आणि एक काळा चपटा डबा काढला. हा रेकॉर्डर. कॅमेरा बाहेर, वायर भिंतीतून आत, आणि बाहेर जे जे दिसेल ते सगळं या डब्यात घरातच साठणार. इंटरनेटची गरज नाही. घरातल्या जुन्या टीव्हीला जोडला की झालं, वेगळा स्क्रीन नको. लाईट गेली तर घरातल्या इन्व्हर्टरवर चालेल. चाचीनं डबा उचलून वजन बघितलं आणि मान हलवली.

"ह्याच्या आत डिस्क टाकावी लागती," मुबीन म्हणाला. "एक जुन्या कॉम्प्युटरची हाय माझ्याकडं, निम्म्यात देतो. पर खरं सांगू का, ही रात्रंदिस फिरायला बनलेली न्हाय. कवा दम टाकंल सांगता येत न्हाय."

"गिरणीला मिक्सरची मोटार लावायची म्हन की."

"अगदी तस्सं, चाची."

"मंग नको. नवी दे, बारकी दे. किती दिस ऱ्हातंय त्यात?"

"पंधरा-वीस दिस. मग जुनं पुसून त्याच्यावर नवं."

"बास झालं की. पंधरा दिसात मानूस वळखू आलं न्हाय तर डोळ्याचा डाक्तर गाठावा."

आता आला कॅमेऱ्यांचा सवाल. मुबीननं दोन जातीचे पुढं ठेवले. एक अंधारात राखाडी चित्र देणारा, दुसरा बारीक दिवा लावून रंगीत. दुसरा महाग. राखाडीसुद्धा चांगला आहे म्हणून मुबीननं लाख सांगितलं, पण चाची ऐकीव गोष्टीवर पीठ घेणारी बाई नव्हती. तिनं हुकूम सोडला, "शटर खाली घे."

"आत्ता? चाची, गिऱ्हाईक हायत आत."

"असू द्यात. त्यास्नी बी कळंल. दिवं बंद कर. मुज्या, तू त्या टोकाला जा आन माझी शाल डोक्यावरनं घेऊन हुबा ऱ्हा."

भर दुपारी दुकानाचं शटर खाली आलं. आत मिट्ट काळोख. आतली तीन गिऱ्हाईकं एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी. एमआयडीसीत फिटर असलेला मुजफ्फर डोक्यावरून आईची फुलाफुलांची शाल घेऊन कोपऱ्यात. चाचीनं स्क्रीनला नाक लावलं.

"ह्यात माझा ल्योकबी वळखू येईना. नुसतं भूत दिसतंय. दुसरा लाव."

दुसरा लावला. शालीवरची फुलं दिसली, मुजफ्फरचं ओशाळलेलं तोंडही दिसलं. "ह्यो," चाची म्हणाली. शटर वर गेलं तेव्हा आतल्या तीन गिऱ्हाइकांतल्या दोघांनी तोच कॅमेरा मागितला, त्यामुळं मुबीनचंही काही बिघडलं नाही.

हिशेब असा बसत होता: पुढं कट्ट्यावर रंगीत, मागच्या दाराला साधा, आणि बोळात आणखी एक साधा. तेवढ्यात चाचीनं विचारलं, "आवाज येतो का ह्याच्यात?"

"आवाजाचा वेगळा येतो. थोडा महाग पडंल. मग बोळातला बसत न्हाय."

"बोळातला काढ. आवाजाचा दे."

आता मुजफ्फरला राहवलं नाही. "अम्मी, आवाज कशाला? चोर काय भाषन करनार हाय का?"

"तुला काय ठावं?" चाची म्हणाली. "सगळा जलम त्या घरघरीत गेला माझा. समोर हुभी मानसं बोलायची आन मला निस्ती त्वांडं हालताना दिसायची. मी आपली अंदाजानं व्हय-न्हाय म्हनायची. आता म्हातारपनी तरी कोन काय बोलतंय ती ऐकू दे मला."

मुबीननं आवाजाचा कॅमेरा पिशवीत घातला. सगळं दहा हजारात बसलं, आणि वायर बांधायच्या क्लिपा चाचीनं फुकट उपटल्या त्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी मुबीन स्वतः शिडी घेऊन आला. गल्ली जमली. कट्ट्यावर एक कॅमेरा, मागं एक, रेकॉर्डर कपाटात, टीव्हीवर चित्र लख्ख. रिमोट चाचीच्या हातात देऊन तो हळूच म्हणाला, "आवाज ऐकायचा असला तर टीव्हीचा आवाज वाढवायचा, बास." चाचीनं मान डोलावली आणि आवाजाची गोष्ट स्वतःजवळच ठेवली. मुबीन गेला आणि मग खरा सोहळा सुरू झाला.

वरच्या आळीचे आप्पासाहेब नारळ घेऊन आले. आप्पासाहेब म्हणजे पंचाहत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीचा माणूस. ऊस, गहू, चार जर्सी गाई, गावात शब्दाला वजन. "भाभी, नवं यंत्र हाय. नारळ फोडल्याबिगर चालू करायचं न्हाय. बादशहाभाई असता तर त्यानंबी फोडला असता." हे खरंच होतं. दसऱ्याला गिरणीच्या मोटारीला झेंडूचा हार असायचा, आणि तो हार बादशहाभाईच आणायचा. त्यामुळं चाचीनं नको म्हटलं नाही. मागोमाग रेश्मा हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि शेळीला म्हणाली, "शिडी जरा धर म्हनावं कुनीतरी."

सारजाबाईनं शिडी धरली. रेश्मा वर चढली. खाली चाची खोबऱ्याचे तुकडे वाटण्यात गुंतली होती. वरून आवाज आला, "ह्याला कपाळ कुठं हाय बाई? सगळा डोळाच!" लोक हसले. रेश्मानं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि कॅमेऱ्याला चांगलं दाबून लावलं, वर हळदीचं बोट. मग सगळ्यांनी हात जोडले, चाचीनं "बिस्मिल्ला" म्हटलं, आणि घरोघरी खोबरं पोचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाची नमाजाला उभी राहिली. कडी वाजली. खरंच वाजली! तिच्या काळजाचा ठोका चुकला, पण नमाज चुकली नाही. दार उघडलं तर कट्ट्यावर नव्या गव्हाची पिशवी आणि चार वांगी. चाचीनं गल्लीभर पुकारा केला, "या रं सगळी! आज चोर सापडला!"

खोली माणसांनी भरली. आप्पासाहेबांना खुर्ची दिली. चाचीनं मुबीननं शिकवल्याप्रमाणं बटणं दाबली, पहाटेची वेळ लावली, आणि टीव्हीवर दिसलं काय? लालपिवळं धुकं! त्या धुक्यातून दोन सावल्या आल्या, वाकल्या, थोड्या घोटाळल्या आणि गेल्या. बाई की बाप्या, तरणा की म्हातारा, काही म्हणता काही कळेना.

"आरारारा!" आप्पासाहेब हळहळले. "कुंकू डोळ्यात गेलं की ह्याच्या!"

"पुसते आत्ता," चाची उठली.

"हां हां, भाभी! पूजेचं कुंकू हाय. लगोलग पुसनं बरं न्हवं. सव्वा महिना तरी ऱ्हाऊ द्या."

रेश्मा तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. बाकीचेही हसत हसत पांगले. चाची एकटीच लाल धुक्यासमोर बसून राहिली. एवढा खटाटोप, दुकानाचं शटर खाली, लेकाला भूत केलं, आणि शेवटी काय, तर रंगपंचमी! तिला रडू यायला लागलं. नाव कळणार नाही. परत काही देता येणार नाही. असंच घेत राहायचं.

मग तिला रिमोट दिसला. आवाज शून्यावर होता. लोक जमले त्या गडबडीत ती तेच विसरली होती. तिनं ते चित्र मागं नेलं आणि आवाज वाढवला, वाढवत गेली. आधी कोंबड्याची बांग. मग कडीचा आवाज. मग कुजबूज. म्हणजे एक कुजबूज आणि एक आप्पासाहेबांची कुजबूज, जी चांगली वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी.

"बिनघोर या आप्पासाहेब. डोळा लिंपलाय म्या त्याचा."

"शाबास गं रेश्मे! नारळाची आयडिया कशी हुती?"

"हळू बोला, नमाज चाललीया आत. ठेवा पिशवी आन चला."

"थांब की जरा. गहू बघंल का गं ती? दानं तोंडात टाकंल का?"

"टाकत असतील. पर कुनाला सांगनार? कोन दिलं तेच ठावं न्हाय त्यास्नी."

मग थोडा वेळ नुसता कोंबडा. आणि मग आप्पासाहेब, खरोखरच हळू आवाजात, "तीच तर पंचाईत झालीया. सूनबाईनं घरघंटी आनली. पीठ पडतंय, चपाती हुतीया, पर गोड लागंना. चाळीस वर्सं गव्हाला बोलनी खाल्ली हितं. दाना दाताखाली फोडायची आन म्हनायची, आप्पासाहेब, ह्यो गहू हाय का भुस्सा? ओल हाय, ऊन द्या. खडं हायत, चाळा. तवा कळायचं औंदा पिकलं काय ती. आता पिकवतोय, खातोय, पर कसं पिकलं हे सांगाय कोन न्हाय. ती घरघंटी काय बोलतीया?"

"माझ्या हरबऱ्याला तर दर साली नाव ठेवायच्या," रेश्माचा आवाज जड झाला. "मला भीक म्हनाल्या त्याचं न्हाय वाईट वाटलं एवढं. हरबरा कसा हाय ते सांगितलंच न्हाय, न बघता परत दिला, त्याचं वाईट वाटलं."

"म्हनती द्यायला काय न्हाय! अगं, तवा तरी काय देत हुती ती? पीठ? पीठ तर आपलंच हुतं की!"

कडी वाजली. पावलं गेली. कोंबडा पुन्हा आरवला.

चाचीनं ते पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच आलं, आणि तिनं दोन्हीला मोकळं सोडलं. एवढा आनंद तिला मुजफ्फरला नोकरी लागली तेव्हा झाला होता, त्यानंतर आजच. जिला आपण जन्मभर आपली वाईट खोड समजत आलो, बादशहाभाई जिच्यासाठी हात जोडायचा की बाई जरा सबुरीनं घे, ती जीभ लोक उपाशी माणसांसारखे मागत होते! मग तिनं डोळे पुसले, पिशवीतला चिमूटभर गहू काढला आणि दाढेखाली धरला. तिच्या भुवया चढल्या. ती उठली. चप्पल उलटसुलट पायात गेली, तरी तशीच ती वरच्या आळीला निघाली.

आप्पासाहेब ओसरीवर चहा पीत बसले होते.

"आप्पासाहेब!" चाचीची हाक गिरणीच्या काळातली होती. वाटेवरची गाय थांबली. "ह्याला गहू म्हनायचं का भिजत घातलेली मटकी? दाताखाली कट्टदिशी वाजंना! कापनीची एवढी घाई कशाला, कुनाची गाडी चुकत हुती? चार दिस कडक ऊन द्या, वरखाली करा, मंग कोठीत भरा. न्हाईतर पावसाळ्यात किडं तुमच्या आधी पंगतीला बसत्याल. आन पहाटचं दुसऱ्याच्या दारात चोरावानी हिंडायचं वय हाय का तुमचं?"

आप्पासाहेबांच्या हातातली बशी तशीच राहिली. "भाभी, तुमाला कसं..."

"त्या कॅमेऱ्याला कान बी हायत."

आप्पासाहेबांनी जीभ चावली. आणि मग त्या पांढऱ्या मिशांखालून असं हसू फुटलं की ते आवरेना. त्यांनी आत बघून आरोळी ठोकली, "सूनबाई! ऐकलंस का गं? गव्हात ओल हाय म्हनत्यात चाची! चहा टाक, आलं घालून टाक! आन सगळा गहू अंगनात पसर आत्ताच्या आत्ता!" कुणी पदक छातीला लावल्यावर माणूस सांगेल, अशा तोऱ्यात ते सांगत होते.

त्या संध्याकाळपासून चाचीचा कट्टा परत भरायला लागला. बाया वाटीत ज्वारी घेऊन यायच्या, बापे मुठीत गहू घेऊन यायचे. चाची दाणा फोडायची आणि ज्याची त्याला बोलणी द्यायची. सारजाबाईच्या बाजरीला म्हणाली, ही पाखरांनीसुद्धा टाकलेली दिसते. डाळजहून पाहुणा आलेल्या महिपती नावाच्या माणसाला, ज्याची तिची ओळखही नव्हती, ती म्हणाली की तुमच्या वावराला पाणी कमी आणि तुम्हाला अक्कल जास्त झाली. माणूस खुशीत घरी गेला आणि पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन आला. मुजफ्फरनं फोन करून विचारलं, "अम्मी, चोर घावला का?" तर म्हणाली, "दोन घावले. पोलिसात द्यायचं न्हाय, माझ्याच कामाचे हायत."

रेश्मा मात्र चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली. हातात मालदांडी ज्वारीची पिशवी. शेळीकडं न बघता ती थेट चाचीसमोर उभी राहिली.

चाचीनं ज्वारी ओंजळीत घेतली, उन्हाला धरली. टपोरी, मोत्यासारखी. दाणा दाढेखाली धरला, कट्टदिशी वाजला. फुंकर घातली, कोंडा उडाला नाही. वास घेतला. पुन्हा एक दाणा फोडला. खडा नाही, कीड नाही, ओल नाही. चाळीस वर्षांत अशी ज्वारी हातावर आली नव्हती. चाची काहीच बोलली नाही.

रेश्माचा चेहरा उतरला. डोळे भरून आले. "चाची," ती हळूच म्हणाली, "कायबी बोलला न्हाईत?"

चाचीनं वर बघितलं. रेश्माच्या हातातली पिशवी ओढून घेतली, ज्वारी सुपात ओतली, रिकामी पिशवी उलटीपालथी केली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "ही पिशवी धुतली व्हतीस का गं कवा लगीन झाल्यापासनं? एवढ्या सोन्यासारख्या जवारीला असलं फडकं? लाज न्हाय वाटत?"

रेश्मा हसत हसत घरी गेली, आणि जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेली.